दोनदाती गिटार

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे आणि खरं सांगायचं तर मी फार दमले आहे.

स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या वस्तू आधी आपला जन्म कुठे झाला ते सांगतात. मीही सांगेन. पण भिंतीला टेकून सांगेन, चालेल ना? माझं पोट फार मोठं आहे.

साधी गिटार तुम्ही सिनेमाच्या पोस्टरवर पाहिली असेल. तिला सहा तारा असतात. ती मिरवते, मुरडते, आणि तिच्याशेजारी नेहमी कुणीतरी हसरा माणूस उभा असतो. मला तारा चारच, पण दोरीएवढ्या जाड. माझ्याशेजारी कधी कुणी हसत उभं राहिलं नाही. गोष्ट ऐकणारा माणूस मधूनमधून 'हूं, हूं' करतो, तसा माझा आवाज. तो कुणी मुद्दाम ऐकत नाही. बंद पडला की मात्र सांगणारा लगेच विचारतो, "झोपला का रे?"

माझा जन्म कलकत्त्याचा. चिखलदऱ्यावर कॉफीची बाग असलेल्या एका गोऱ्या साहेबाने कलकत्त्याच्या एका कारागिराकडून मला करवून घेतलं. साहेब स्वतः इतका जाड की दारातून आडवा होऊन आत जाई. कारागिराने साहेबाकडे एकदा नीट पाहिलं आणि मला त्याच्या मापाची केली. संध्याकाळी धुकं वर आलं की साहेब व्हरांड्यात बसून मला वाजवी. एकदा वाघ येऊन माझं वाजवणं ऐकून गेला, असं तो पाहुण्यांना सांगत असे. वाघाचं मत काय पडलं, हे त्याने कधी सांगितलं नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर साहेबाने चार-पाच वर्षं कशीबशी काढली आणि मग तो मायदेशी निघाला. बोटीत मला वेगळं तिकीट पडलं असतं. म्हणून मला, गाडीची बैलजोडी आणि एक आरामखुर्ची विकून टाकण्याचं काम साहेबाने खानसाम्यावर सोपवलं. आणि इथे माझ्या आयुष्यात महादेवराव आले.

महादेवराव हिवरखेडचे. घरची काळी जमीन होती, पण तिच्यात त्यांचा जीव रमत नसे. त्यांचा खरा धंदा बैलांच्या दलालीचा. बैलाचा जबडा उघडून त्याचं वय सांगावं, पाठीवर थाप मारून त्याचा स्वभाव सांगावा, आणि कानामागे टाळी वाजवून तो बहिरा तर नाही ना ते पाहावं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते साहेबाची बैलजोडी घ्यायला घाट चढून आले होते. मी त्याच गाडीत पडलेली होते.

"आन् हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

"बाजा है," खानसामा म्हणाला.

"मंग जोडीसंगच धरा."

बैलांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. माझा पहिला सौदा असा झाला. मी डोळे ताणून पाहिलं, पण मला फक्त हलणारा रुमाल दिसला. मित्रांनो, माझी किंमत किती, हे मला आजतागायत समजलेलं नाही. ती नेहमी रुमालाखाली ठरत आली.

सौदा झाला. आणि मग महादेवरावांनी जे केलं ते ऐकून तुम्ही हसाल, पण त्यांनी ते अगदी प्रामाणिकपणे केलं. आमच्या वऱ्हाडात बैल विकला तरी त्याचं दावं विकत नाहीत. दाव्यासोबत घरची बरकत जाते म्हणतात. विकणारा दावं सोडून ठेवून घेतो आणि घेणारा आपलं नवं दावं घेऊन येतो. महादेवरावांनी बैलांची दावी सोडून खानसाम्याला दिली. मग माझ्याकडे वळून माझ्या चारही तारा सोडल्या आणि त्याही त्याच्या हातात ठेवल्या.

"हे घ्या. तुमचं दावं."

खानसाम्याने त्या तारा अंगणात दोन झाडांना बांधल्या आणि त्यांवर पायजमे वाळत घातले. मी घाट उतरले ती तोंडातून चकार शब्द न काढता.

पुढची काही वर्षं मी बाजार केले. परतवाडा केला, बहिरमची जत्रा केली. मला बैलांच्या रांगेत खुंटाला टेकून ठेवत. गिऱ्हाईक येई, माझ्या मानेच्या टोकाच्या चार खुंट्या पाही आणि म्हणे, "चारदाती दिसते." बैलाचं वय दातांवरून धरतात: दोनदाती म्हणजे कोवळा, दात वाढतील तसा जुना. एकाने मला चालवून दाखवा म्हटलं. एकाने पोटावर थाप मारून "गाभण हाय का?" असं विचारलं. मला कुणी घेतलं नाही. शेवटी महादेवरावांनी मला घरी नेऊन उभं केलं आणि त्यांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, माझ्या पोटाच्या भोकातून आत वर्षाचा लसूण भरला. लसणाची कुडी काढायला त्यांचा हात कोपरापर्यंत आत जाई. आजही हवा दमट झाली की मला स्वतःचाच वास येतो.

तुम्ही म्हणाल, हाच तुझा हलाखीचा काळ का? नाही. लसूण शांत असतो. मी तेव्हा बऱ्यापैकी झोपून घेतलं.

मला जागं केलं देवमनने.

देवमन अकोल्याचा. रुईच्या गाठी बांधण्याच्या प्रेसमध्ये तो काम करी. त्याच्या वडिलांनी गावोगावच्या लग्नांत वाजंत्री वाजवली होती. मांडवाच्या बाहेर, उन्हात, उभ्याने. छप्पन साली घरादाराने धम्म घेतला तेव्हा देवमनने वडिलांची सनई कपाळाला लावली आणि ट्रंकेत ठेवून दिली. तो म्हणाला, "माह्या बापानं उभ्यानं वाजवलं. मी बसून वाजवीन." मग त्याने गायन पार्टी काढली. पार्टीत एक पेटी, एक ढोलकी, गाणारी त्याची बायको पंचफुला, आणि एक तक्तपोस. हो, तक्तपोस, म्हणजे बसायची लाकडी चौकी. पार्टी जिथे जाई तिथे सागाचा तो भला थोरला तक्तपोस बैलगाडीत टाकून सोबत नेई. मांडव कुणाचाही असो, बसायला जागा आपली, असा देवमनचा नियम होता.

एका लग्नात गाण्यासाठी ही पार्टी हिवरखेडला आली. पाण्याची घागर मागायला देवमन महादेवरावांच्या ओसरीशी आला आणि त्याला कोपऱ्यात मी दिसले.

"राव, हे वाजते का?"

"लसन ठेवते त्याच्यात," महादेवराव म्हणाले. "पायजे का तुले?"

"इकता?"

"इकत नाई. हंगामानं देतो." कामाचे बैल जसे पेरणीपुरते भाड्याने देतात, तशी मी जयंतीच्या आणि लग्नाच्या हंगामापुरती भाड्याने जाणार होते.

देवमनने होकार दिला. आता भाव ठरवायचा, म्हणजे हात धरायचा. महादेवरावांनी उपरणं काढलं आणि थांबले. ओसरीवर चार माणसं बसली होती, तीही इकडे पाहू लागली. मित्रांनो, या गावात देवमनच्या वडिलांचा हात कधी कुणी धरला नव्हता. पैसे दिले तर वरून टाकले होते. महादेवरावांनी ओसरीकडे पाहिलं, देवमनकडे पाहिलं, मग उगाच माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? माझ्या तोंडात लसूण होता.

"सौदा म्हंजे सौदा," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी देवमनचा हात धरला आणि वर उपरणं टाकलं. उपरणं पुष्कळ वेळ हललं. ओसरीवरचे लोक नंतर म्हणाले की एवढा वेळ तर जोडीच्या सौद्यालाही लागत नाही.

"आन् दावं?" देवमनने विचारलं. माझ्या मानेवर तार नव्हती.

"दावं तुह्यं तू आन."

असल्या जाड तारा अकोल्यात कुठे मिळणार? देवमनने त्याची काळजी केली नाही. तो मला पाठीवर घेऊन कापूस पिंजणाऱ्या चांदभाईकडे गेला. पिंजाऱ्याच्या धनुष्याला आतड्याची तात लावलेली असते. तिला ठोकलं की ती घुमते आणि कापूस उडतो. चांदभाईने आपल्याकडच्या लहानमोठ्या चार ताती मला लावून दिल्या आणि ठोकून पाहिल्या.

"अरे वा," तो म्हणाला. "ये तो पूरी गादी पिंज देगी."

माझा आवाज परत आला. तो चिखलदऱ्याचा राहिला नव्हता. आता त्यात थोडी सरकी होती, थोडा धुरळा होता. मला तो आवडला.

आता पंचफुलाबद्दल सांगते. माझ्या गोष्टीत महत्त्वाची तीच आहे, मी नाही.

पंचफुला जिनात कामाला होती. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या मशिनी दिवसभर धडधडत. तिथे सगळ्या बायका ओरडूनच बोलत, आणि घरी आल्यावरही ओरडूनच बोलत. म्हणून पंचफुलाला ऐकू कमी येतं हे पुष्कळ दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते देवमनला माहीत होतं. आणि एके दिवशी ते मलाही कळलं. पार्टी तक्तपोसावर गोल बसली होती. देवमनने माझं बूड फळीवर टेकवलं आणि पहिल्यांदा जाड तात छेडली. पंचफुला दचकली. तिने आपला तळवा फळीवर ठेवला. मी पुन्हा वाजले. तिने दुसरा तळवाही ठेवला. मग तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी बाजारात हरवून पुन्हा सापडलेल्या माणसाकडे पाहतं.

पेटी तिला आता धड ऐकू येत नव्हती. ढोलकी लांबून आल्यासारखी वाटे. ठेका कुठे आहे, सूर कुठे आहे, हे ती अंदाजाने धरत होती, आणि अंदाज चुकायला लागले होते. देवमनने पार्टी बंद करण्याचा विचार मनात आणून ठेवला होता. पण माझा आवाज फळीतून थेट तिच्या हातात जाई. तिला मी ऐकू येत नसे, मी तिला लागत असे.

त्या दिवसापासून ती फळीवर हात ठेवून गाऊ लागली. लोकांना वाटे, ही बाईची बसण्याची ऐट आहे. अकोल्यातल्या दोन-तीन नव्या गाणाऱ्या बायका तशाच हात टेकवून बसू लागल्या. त्यांच्या हाताखाली काही नव्हतं, पण फॅशन आली.

मग वर्षांमागून वर्षं आमचं काम चाललं. चौदा एप्रिलची जयंती, बुद्ध पौर्णिमा, लग्नं, नामकरणं, पार्ट्यांचे सामने. सामना म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसरीने गाण्यातूनच जबाब द्यायचा. पंचफुलाचा जबाब असा येई की समोरचा पेटीवाला पेटी मिटून पाणी प्यायला जाई. लोक तिला शाबासकी देत, देवमनला देत, ढोलकीवाल्यालाही देत. मला कुणी दिली नाही. एकदा कारंज्याला एका म्हाताऱ्याने मला हात जोडले, पण तो मला तिजोरी समजला होता.

मी थकत होते. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. लाकूड उकलतं, माणूसही उकलतो. बैलगाडीत, एसटीच्या टपावर, कापसाच्या बोंद्र्यांवर, म्हणजे मोठाल्या पोत्यांवर, मी फिरले. माझ्या पोटावर चीर गेली, मान वाकली, ताती वरचेवर तुटल्या. दर हंगाम संपला की देवमन ताती सोडून घेई आणि मला हिवरखेडला पोचवून देई. तिथे लसूण माझी वाट पाहत असे. पुढच्या हंगामात पुन्हा रुमाल, पुन्हा ताती, पुन्हा एसटीचा टप. मी मनात म्हणे, आता पुरे. कुणीतरी मला एका जागी शांत उभं करा.

मित्रांनो, अशा इच्छा मनात आणताना जरा जपून.

अमरावतीला चंद्रभानजी राहत. वरूडला त्यांच्या संत्र्यांच्या बागा होत्या आणि अमरावतीला बंगला. त्यांना दुर्मिळ जुनी वाद्यं विकत घेण्याचा नाद होता. कलकत्त्यापर्यंत त्यांचे ओळखीचे शौकीन होते, एकमेकांत घेणं-विकणं चाले. बंगल्यातल्या काचेच्या कपाटांत सारंग्या, रुद्रवीणा, पियानोचा अर्धा तुकडा, असं बरंच काही होतं. अमरावतीच्या एका सामन्यात त्यांनी मला पाहिलं आणि ते खुर्चीतून उठलेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा मालक कोण ते विचारून घेतलं आणि महादेवरावांना निरोप धाडला: "बास गिटार पाहायला येत्या रविवारी अकोल्याला येतो. वय पाहून भाव देईन."

महादेवरावांनी तो निरोप दोनदा ऐकला. वय पाहून भाव! तीस वर्षं बैल विकलेल्या माणसाला यात समजण्यासारखं एकच होतं. वय कमी, तर भाव जास्त. आणि वय कमी कसं करायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

ते शनिवारीच हिवरखेडहून निघाले आणि देवमनच्या अंगणात माझ्याकडे पाहत उकिडवे बसले. आधी त्यांनी मला जवसाच्या तेलाने अंगभर चोळलं. पोटावरच्या चिरेत लाख भरली. मानेवर कारागिराने डागलेली खूण होती, ती कानस घेऊन घासून काढली. जुन्या मालकाचा डाग दिसला तर बैलाचा भाव पडतो ना! मग पोळ्याला शिंगं रंगवतात तो लाल रंग त्यांनी माझ्या खुंट्यांना लावला आणि वर बेगड चिकटवली.

"राव, हे काय करून राहिले तुमी?" देवमन प्रेसमधून आला तेव्हा त्याने कपाळाला हात लावला.

"चूप राय. उद्या पाय, कसं दोनदाती दिसते ते."

पाठीमागे पंचफुला उभी होती. तिने माझ्या पोटावर भरलेल्या लाखेवरून बोट फिरवलं. जखमेवरून फिरवतात तसं.

देवमन त्या दिवशी जेवला नाही. मी विकली गेले तर काय होणार हे त्याला माहीत होतं. पण मी होते महादेवरावांची. भाड्याच्या बैलावर कुणाचा हक्क?

रविवारी चंद्रभानजी जीपमधून उतरले. त्यांनी मला पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले.

"हे काय आहे?"

"तुमचं वाजिंत्र, बाबूजी! एकदम नवंकोरं. दोनदाती. परवाच झालं समजा."

"नवं?" चंद्रभानजींचा चेहरा उतरला. "मले तं ही पन्नास वर्षांची वाटली होती. नवी घेऊन मी काय करू? अहो, जुनी असती तर..." आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्यांनी बैलांचे बाजार पाहिले होते. महादेवरावांचा हात धरून, जुनी असती तर काय दिलं असतं, ते त्यांनी रुमालाखाली सांगितलं.

रुमाल जरासा हलला. महादेवरावांच्या तोंडातली सुपारी खाली पडली.

"जुनंच हाय, बाबूजी!" ते म्हणाले. "म्हातारं हाय! पार मेल्यातच जमा हाय!"

"आत्ता तर दोनदाती म्हणत होते."

"थे बोलायची पद्धत हाय!" त्यांनी धोतराच्या सोग्याने माझ्या शिंगांचा, म्हणजे खुंट्यांचा रंग पुसायला सुरुवात केली. रंग पक्का होता. त्यांनीच निवडून आणला होता.

चंद्रभानजी वैतागले. खूण घासलेली, चीर बुजवलेली, त्यांना खात्री होईना. ते देवमनकडे वळले. "तुमी वाजवता ना? मग तुमीच सांगा. महादेवरावांवर माझा आता विश्वास नाही. तुमी म्हणाल ते धरतो. जुनी का नवी?"

देवमनने 'नवी' एवढा एक शब्द बोलायचा होता. जीप आली तशी परत गेली असती. मी राहिले असते, ताती राहिल्या असत्या आणि पंचफुलाचं गाणं राहिलं असतं. त्याने तोंड उघडलं. मी पाहत होते.

पण पंचफुला सगळ्यांच्या ओठांकडे पाहत होती. तिने त्याच्या आधी उत्तर दिलं.

"जुनं हाय, बाबूजी. गोऱ्या सायबाच्या वक्ताचं हाय. मी हात लावून सांगतो, लय थकलं हाय ते." मग ती देवमनकडे वळली आणि जिनातल्यासारखं मोठ्याने म्हणाली, "कावून खोटं बोलता? पोट फुटलं त्याचं. आनखी किती वढाचं त्याले? बाबूजी त्याले सावलीत ठेवतीन. म्हातारा बैल पांजरापोळात देत नाई का मानूस?"

देवमन खाली पाहत म्हणाला, "आन् तुह्यं गानं?"

"माह्या गान्यापायी त्याचा जीव घेता का?"

मित्रांनो, त्या वेळी मला ओरडून सांगायचं होतं. दमले आहे हे खरं, पण मला हे नको आहे! मात्र मी बास गिटार. माझं मत विचारायचं तर मला आधी छेडावं लागतं, आणि छेडायचं त्या वेळी कुणाला सुचलं नाही.

सौदा झाला. चंद्रभानजींच्या माणसाने मला जीपमध्ये टाकलं आणि मागची फळी धाडकन आपटून लावली. झाडावरचे कावळे उडाले. देवमन दचकला, चंद्रभानजी दचकले, शेजारचं लेकरू रडायला लागलं. फक्त पंचफुला हलली नाही. ती जीपकडे पाठ करून पदराने डोळे पुसत होती.

महादेवराव तिच्याकडे पाहत राहिले. कानामागे टाळी वाजवून बहिरा बैल ओळखणारा माणूस तो. मग त्यांनी फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अंगणातल्या तक्तपोसाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हिशेब केल्यासारखे हलले.

"थांबा," ते म्हणाले. त्यांनी फळी उघडली आणि माझ्या ताती सोडायला घेतल्या.

"आता हे काय?" चंद्रभानजी म्हणाले.

"दावं देत नसतो आमी, बाबूजी. रीत हाय."

"ठेवा, ठेवा. त्या ताती मूळच्या नाहीतच. मला मूळ तारा पाहिजेत."

रीतीप्रमाणे दावं मालकाकडे राहतं. महादेवरावांनी चारही ताती हातात गुंडाळल्या, देवमनजवळ गेले आणि त्याच्या हातात ठेवल्या. मध्ये रुमाल नव्हता.

"तुह्यं दावं व्हतं. तुह्यापाशीच राय दे," ते म्हणाले आणि तोंड फिरवून सुपारी शोधू लागले.

आता मी अमरावतीला असते. चंद्रभानजींनी नागपूरहून माणूस आणून माझा लाल रंग उतरवला, लाख काढली, मान सरळ केली. मला मखमलीवर उभं केलं आहे. शेजारी डांबराच्या गोळ्या आहेत. कपाटाला कुलूप आहे. पाहुणे येतात आणि चंद्रभानजी सांगतात, "सगळ्या वऱ्हाडात एकच आहे." पाहुणे विचारतात, "वाजते कशी?" चंद्रभानजी हसतात. "अहो, ही वाजवायची थोडीच असते!" कलकत्त्याचा एकजण मला मागतो, चंद्रभानजी भाव वाढवून सांगतात, तो परत जातो, पुन्हा येतो. मूळच्या तारा मिळेपर्यंत मला तार लावायची नाही, असं ठरलेलं आहे. त्यासाठी ते विलायतेपर्यंत चौकशी करतात. त्या तारा चिखलदऱ्याला आहेत आणि त्यांवर बहुधा अजून पायजमे वाळत असतात, हे त्यांना कुणी सांगावं?

आराम मिळाला. हवा होता तेवढा मिळाला. मी आयुष्यात इतकी कधी दमले नव्हते.

कपाट पुसायला मैनाबाई येते. ती पुसताना स्वयंपाकीणबाईशी बोलते, त्यातून मला जग कळतं. पहिल्या वर्षी ती म्हणाली, "पंचफुलानं गानं सोडलं म्हनते व बाई. जयंतीले मांडवात नुसती बसून व्हती." ते ऐकून मी उन्हाळाभर मखमलीकडे पाहत राहिले.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे यंदाच, बंगल्यासमोरच्या मैदानात गायन पार्ट्यांचा सामना ठेवला होता. दिवेलागणीची वेळ होती. भोंग्यातून एक पेटी आली, एक ढोलकी आली. मग, मित्रांनो, एक आवाज आला. जाड, धुरळ्याचा, सरकीचा. माझा आवाज! तो मी काढत नव्हते. आणि त्यावर पंचफुलाने सवालाचा असा जबाब दिला की मैदानातून आरोळी उठली.

दुसऱ्या दिवशी मैनाबाई फडका बाजूला टाकून हातवारे करून सांगत होती. "तक्तपोसालेच खुट्या ठोकल्या न देवमननं! थ्याच्यावर थेच जुन्या ताती ताणल्या. तक्तपोसच वाजते आता! आन् थे बाई बसली वर, दोनी हात टेकवून, रानीवानी!"

मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पंधराएक वर्षं ज्यावर मी बूड टेकवलं, तो तक्तपोस माझी जागा घेऊन बसला. त्याला तर पोटही नाही. पण त्या रात्री मला पहिल्यांदा शांत झोप लागली, हेही खरं.

सामन्याच्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. समोर माझ्या ताती वाजू लागल्या तेव्हा माझ्या अंगावर एकही तार नव्हती. तरी माझं पोट हळूच घुमलं. माझ्यामुळे कपाटाची काच थरथरली. खोलीत चंद्रभानजी एकटेच होते. त्यांनी मान वर केली, कपाटाजवळ आले, कान लावून ऐकलं. मला वाटलं, आता हा माणूस कुलूप उघडणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाखाली उंदराचा पिंजरा लावला. पिंजऱ्यात भाकरीचा तुकडा आहे.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. त्यांना ऊन लागू देऊ नका, त्यांच्यात लसूण ठेवू नका, त्यांना लाल रंग लावू नका. पण जपता जपता त्यांना कधीमधी थोडा त्रासही द्या. दमलेल्याला विश्रांती लागते हे खरं आहे, पण तो कशाने दमला होता, ते आधी विचारून घ्या.

आणि कधी अमरावतीला माझ्या कपाटापुढे उभे राहिलात, आणि काच थरथरताना दिसली, तर एवढी कृपा करा. उंदीर शोधू नका.